दोन बोटं उघडी खिडकी

आत्या गाडी शिकली तेव्हा तिची पंचेचाळिशी उलटली होती. काका गेल्यावर त्यांची जुनी गाडी दारात नुसती उभी होती. जो तो म्हणे, विकून टाक. आत्याने कुणाचं ऐकलं नाही. वर्षभरात ती गल्लीतल्या आम्हा पाच पोरांना शाळेत सोडू लागली. पुढची सीट माझी, कारण मी घरची.

त्या हिवाळ्यात एका सकाळी काचेवर वाफ धरली म्हणून तिने ती घालवायचं बटण दाबलं. बॉनेटखालून मांजराची शेपटी दारात सापडावी तसा आवाज आला, मागोमाग रबर जळल्याचा वास.

"एसीचा कॉम्प्रेसर जाम झालाय," गॅरेजवाला म्हणाला. "बटण दाबलं की पट्टा त्याच्यावर घासतो. मी त्याची वायर काढून ठेवतो. या मॉडेलचा दुसरा मिळेपर्यंत थांबावं लागेल."

"आणि हीटर?"

"तो इंजिनच्या गरम पाण्यावर चालतो, त्याला धक्का नाही. पण एसीशिवाय हवा कोरडी होणार नाही, काच हळूहळूच साफ होईल. बाहेरची हवा आत घ्या, खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. आणि पोरांना जरा कमी बोलू द्या."

शेवटची सूचना काही आमच्याने पाळवली नाही. पायांना ऊब, कानांना बोचरा वारा, असा आमचा प्रवास सुरू झाला.

चारच दिवसांत शिंपीणकाकू दारात हजर. त्यांची मुलगी आमच्यातच होती.

"पोर खोकतेय माझी! हीटर लावून खिडक्या उघड्या ठेवणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय."

"उद्या तुम्हीच बसा माझ्या शेजारी," आत्या शांतपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मागे, काकू पुढे. बसल्या बसल्या त्यांनी सगळ्या खिडक्या गच्च लावून घेतल्या आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. पुलाच्या उतारावर काच पांढरीफटक झाली. आत्याने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"वहिनी, पुढे काय दिसतंय?"

"काहीच नाही."

"मलाही नाही."

काकूंनी खिडकी खाली केली. पिशवीतून कापडाचा तुकडा काढून त्या काच पुसू लागल्या. खालून गरम हवा येत होती. आधी बशीएवढी जागा साफ झाली, मग ताटाएवढी. आणि समोरच, मागचे दिवे बंद ठेवून उभा असलेला ट्रक दिसला. काकूंचा हात काचेवर तसाच राहिला. मग शाळेपर्यंत त्या काच पुसत राहिल्या.

दोन दिवसांनी त्या आल्या त्या चिंध्यांची जाड गोधडी घेऊन. मागे दाटीने बसलेल्या आम्हा पाचही जणांच्या गुडघ्यांवरून ती बरोबर पुरली. त्यांचं दुकान शाळेच्या पलीकडेच, म्हणून त्या रोज पुढे बसू लागल्या. आत्याने गाडी हाकायची, काकूंनी काच पुसायची.

एकदा आत्या आपणहून काकांविषयी बोलली. "गाडीत बसले की एक शब्द बोलायचे नाहीत हो. मला आपलं वाटायचं, माझ्यावर रागावलेत."

"काच धुरकटू नये म्हणून असेल!" काकू म्हणाल्या.

आत्या इतकी हसली, इतकी हसली, की तिला गाडी थांबवावी लागली. डोळे पुसायला काकूंनी तेच फडकं दिलं. काका गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी गॅरेजवाल्याला एका भंगारातल्या गाडीचा चांगला कॉम्प्रेसर मिळाला. बटण दाबताच काच लख्ख झाली. काकू जरा हिरमुसल्याच. आत्याच्या ते लक्षात आलं.

"वहिनी, उद्यापासून तुम्ही या बाजूला बसा," ती म्हणाली. "चालवायला शिकवते."

मग संध्याकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर गाडी गचके खात फिरायची. आत दोघींचं कडाक्याचं भांडण चाललेलं असायचं, आणि आम्ही कठड्यावर पाय हलवत बसून ते ऐकायचो.