मामांचे व्याही

उभ्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त व्याही कुणाला असतील, तर आमच्या मामेसासऱ्यांना; आणि तेही पोटची एकही मुलगी नसताना! राहुरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून मामांची रोपवाटिका. लिंबू, पेरू, आंबा, मोगरा, कढीपत्ता, असली साधीच रोपं. पण मामांच्या लेखी रोप म्हणजे मुलगी, गिऱ्हाईक म्हणजे व्याही आणि गिऱ्हाइकाची बायको विहीणबाई. रोपाबरोबर शेणखताची पिशवी फुकट मिळायची, तिला ते 'ओटी' म्हणत. रोपाचे पैसे मात्र रोख घेत. एवढ्यापुरता वधूपिता बाजूला व्हायचा.

आणि मुलगी काय कुणालाही देतात? नवं गिऱ्हाईक आलं की उलटतपासणी सुरू. "ऊन किती येतं? पानी कोन घालतं? तुमी लग्नाला गावाला गेला, मंग हिच्याकडं कोन बघनार?" एकदा पाथर्डीकडचे एक कंत्राटदार भल्यामोठ्या गाडीतून उतरले आणि म्हणाले, "बंगल्यापुढं शोभेला दहा आंबे द्या." मामा म्हणाले, "शोभेला प्लॅस्टिकचे मिळत्यात. आमच्या पोरी न्हाई द्यायच्या." आम्ही कपाळाला हात लावला. पंधरा दिवसांनी तेच गृहस्थ अंगणातली फरशी उखडून, खड्डे खणून, मोबाईलवर त्यांचे फोटो घेऊन हजर! तेव्हापासून मामांचा शब्द त्यांनी खाली पडू दिलेला नाही.

दिलेल्या रोपाला भेटायला मामा स्कूटरवरून कधीही टपकत. येताना पाण्याची बाटली स्वतःची, कारण मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आमच्याकडची जास्वंद वाळलेली पाहून मला म्हणाले, "जावईबापू, आमची भाची नीट नांदवली, मंग हिनं काय घोडं मारलंय तुमचं?" मी शरमेनं अर्धा झालो. पुढं मोबाईलवर 'व्याही मंडळ' नावाचा ग्रुप निघाला. लोक पानांचे फोटो टाकत आणि मामा आवाजी निरोपातून त्यांना झापत, "पिवळी पडलीय. उपाशी ठेवता का पोरीला?" लोकांना ते झापणं इतकं गोड लागे, की ज्याला मामा ओरडले नाहीत तो खट्टू व्हायचा. मामांनी दुकानावर कधी पाटी लावली नाही. प्रत्येक व्याही आपल्या चार पाहुण्यांना घेऊन यायचा, झालं.

गेल्या उन्हाळ्यात मात्र सगळंच मुळावर आलं. जागा भाड्याची. मालकानं ती विकली आणि आठ दिवसांत मोकळी करा म्हणून सांगितलं. कालव्याकडची दुसरी जागा मिळाली, पण तिथं पाणी आणि सावली व्हायला दोन महिने तरी हवे होते. मे महिन्याच्या उन्हात रोपं दोन दिवससुद्धा टिकली नसती. एक व्यापारी सगळी रोपं पडेल भावानं उचलायला आला, त्याला मामांनी "लिलाव मांडू व्हय पोरींचा?" म्हणून हाकलला. मी म्हटलं, "ग्रुपवर सांगून बघा." तर माझ्यावरच उसळले. "व्याह्यांपुढं हात पसरू? मुलीचा बाप हाय मी!" आणि जेवण सोडून बसले. दोन दिवस ताट तसंच परत गेलेलं पाहून मामींचा धीर सुटला. त्यांनी मामांचा मोबाईल घेतला आणि एका बोटानं टाईप केलं, 'पोरी दोन महिने तुमच्याकडं ऱ्हातील का?'

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रस्ता अडला! स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर, काय नव्हतं? कंत्राटदार दोन टेम्पो घेऊन आले. राहात्याच्या एक निवृत्त बाई एसटीनं आल्या आणि मांडीवर तीन रोपं घेऊन एसटीनंच गेल्या. मामा अनवाणी धावत होते, "अहो, मोगऱ्याला लई पानी घालू नका! लिंबाला वारं लागू देऊ नका!" दुपारी बारापर्यंत रोपवाटिका झाडून रिकामी. वा रे वा! मी आयुष्यात असला सोहळा पाहिलेला नाही.

दोन महिन्यांनी सगळी वरात नव्या जागेत परत आली. रोपं अशी तरारली होती, की मामांना ओळखू येईनात. "लई बाळसं धरलं की गं," म्हणत ते एकेकीवरून हात फिरवत होते आणि उघड रडत होते. एकजण मान खाली घालून आला. त्याचे दोन मोगरे गेले होते. मामांनी त्याला ओरडायचं सोडून जवळ बसवून चहा पाजला. आणि दोन महिने व्याह्यांच्या अंगणात ही रोपं बघणारे शेजारीपाजारी, सोयरेधायरे आता स्वतःसाठी रोपं मागायला सोबत आले होते. पहिल्याच दिवशी धंदा दुप्पट!

नगरला परतताना बसमध्ये मी मनाशी हिशेब मांडत होतो. तीस वर्षं नोकरी केली, चार माणसांत उठलो-बसलो. उद्या मला कुणी आठ दिवसांत घर सोडायला सांगितलं, तर माझ्यासाठी कोण टेम्पो घेऊन येईल? एक नाव आठवलं, ते खोडलं. दुसरं आठवलं, तेही खोडलं. शेवटी न राहवून हिला विचारलं, "आपल्याकडे कोण येईल गं?"

खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "मामा येतील की."