डाल्याखालची तांबडी

काष्टीच्या बाजारातून मी सहा पिल्लं आणली आणि तडक आमच्या मोठ्या कोंबड्यांत सोडली. घेतील सांभाळून, असं मला वाटलं! तांबड्या कोंबडीनं एकाचं डोकं रक्तबंबाळ केलं, तेव्हा शेजारच्या मावशी न बोलावताच अंगणात आल्या. कोंबडी असो की मास्तर, दोघांना रागवायचा त्यांचा सूर एकच.

"मास्तर, वर्गातबी असंच चालतं व्हय?" म्हणत त्यांनी जखमेला हळद लावली.

मी पिल्लं झाकायला वेताचं डालं आणलं.

"चोची तिनं मारल्या, अन् कोंडताय ह्यांना?"

मावशींनी तांबडीलाच धरलं आणि आपल्या अंगणात नेऊन डाल्याखाली झाकलं. रोज कण्या घालताना तिची समजूत काढायच्या, "खा बाई, राग धरू नगं."

पाचव्या दिवशी त्यांनी तिला परत आणून सोडलं. मी काठी घेऊन सज्ज! पण चार दिवसांत तिचा रुबाब उतरला होता. बाकीच्या कोंबड्यांनीच तिला टोचून बाजूला सारलं, तशी ती गुपचूप पिल्लांशेजारी दाणे टिपू लागली.

"आता तीबी नवीच हाय," मावशी म्हणाल्या आणि माझ्या हातातली काठी काढून घेतली. "तुमी बसा खाली. पिल्लं आता तुमालाच भ्यायलीत."