अर्ध्या टाकीचा संसार

पंपावरची माणसं त्यांना अर्धेकाका म्हणत, आणि काकांना त्यात मान वाटे. गेली दहा वर्षं ते आपली जुनी कॅम्पर व्हॅन पंपावर उभी करत आणि डॉक्टर पथ्य सांगतात त्या सुरात सांगत, "अर्धी टाकी. थेंबभरही जास्त नको." डिझेल अर्ध्याच्या वर गेलं की खालून ठिबकायला लागे. अर्ध्याच्या खाली सगळं कोरडं. त्यामुळे गाडी नादुरुस्त आहे हे काकांनी कधी मान्यच केलं नाही. तिचं पोट नाजूक आहे, एवढंच.

ही विचारसरणी त्यांनी नोकरीतून आणली होती. एकतीस वर्षं ते पाणीखात्यात गळतीच्या टेबलावर होते. तक्रार आली की रस्ता खणा, माणसं लावा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या शिव्या खा. त्यापेक्षा त्या भागातल्या पाण्याचा दाब कमी केला की गळतीही कमी होते, हा शोध त्यांच्या खात्याला फार पूर्वीच लागला होता. मग वरच्या मजल्यावरच्यांना पाणी मिळत नसे, पण ती तक्रार वेगळ्या टेबलावर जाई.

गाडीच्या बाबतीत वरच्या मजल्यावर काकू राहत होत्या.

निवृत्तीनंतर दोघांनी मिळून गाडी घेतली ती चार गावं बघायला. आत पलंग, शेगडी, हात धुण्यापुरतं बेसिन आणि काकूंनी शिवलेले पडदे. जिथे पंप जवळजवळ होते तिथे ती दोघं मनसोक्त हिंडली. जाता येत नव्हतं ते फक्त काकूंच्या ताईकडे. ताई डोंगरापलीकडे राहत, आणि मधल्या ओसाड माळावर अर्धी टाकी संपेपर्यंत पंपाचा पत्ता नसे. डिझेलचा कॅन आत ठेवायचा तर शेगडीशेजारी डिझेल घेऊन झोपायला काकू तयार नव्हत्या. तेव्हा दर वर्षी ताईच इकडे येत.

या वर्षी ताईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, शुक्रवारी. काकूंनी गुरुवारच्या बसचं तिकीट काढून आणलं आणि टेबलावर ठेवलं.

काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "एकच?"

"तुम्हाला कसं जमणार? गाडीकडे कोण बघेल? पथ्याची बाई ती."

"आणि परतीचं?"

"बघू. महिना, दोन महिने. एकटीच असते ती. मलाही जरा बरं वाटेल."

आवाजात राग नव्हता, आणि काकांना तेच लक्षण ठीक दिसेना. रागाचा दाब कमी कसा करायचा हे त्यांना ठाऊक होतं. हा दाब आधीच गेलेला होता.

सोमवारी सकाळी काका गाडीखाली शिरले. टाकी रिकामी केली, जॅकवर फळी ठेवून तिला आधार दिला आणि गंजलेले पट्टे सोडवायला घेतले. दहा वर्षांची माती त्यांच्या कपाळावर पडली. काकू पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या.

"मदत हवी का?"

"नको."

"नाही, बराच वेळ नुसते पायच दिसतायत. म्हटलं विचारावं."

दुपारी शेजाऱ्याच्या टेम्पोत घालून टाकी रेडिएटरवाल्याकडे गेली.

"वेल्डिंग करायचंय," काका म्हणाले. "मधल्या सांध्यातून गळते."

"सांधा बघितलात?"

"दहा वर्षं गळतेय ती."

"तसं नाही, वाकून बघितलात का?"

रेडिएटरवाल्यानं टाकीची तोंडं बुचांनी बंद केली, आत बेताची हवा सोडली आणि सांध्यावरून साबणाचा फेस फिरवला. फेस लावला तिथे आळसावून पडून राहिला. एक बुडबुडा फुगेना.

"काका, टाकी तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. भरायची नळी कुठाय?"

नळी पिशवीत होती. वीतभर रबर, टाकीला बरोबर निम्म्या उंचीवर जोडलेलं. रेडिएटरवाल्यानं ते जरा वाकवलं आणि त्यावर टाचेसारख्या भेगा उघडल्या.

"डिझेल इथवर चढलं की इथून बाहेर. नवी कापून देतो, पंधरा मिनिटं. त्यातली पाच क्लिप शोधायला." मग सहज म्हणावं तसं तो म्हणाला, "टाकी उगाच उतरवलीत. चाकामागून हात जातो."

टेम्पोत काकांनी घरी सांगायचा मजकूर तयार केला. अहवाल लिहिण्यात त्यांचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. 'सांध्यास तडे आढळले. कुशल कारागिराकडून दुरुस्ती करण्यात आली.' वाक्य दोनदा मनात म्हटलं. चोख होतं.

दारात काकूंनी विचारलं, "झालं वेल्डिंग?"

काकांनी तोंड उघडलं आणि अहवाल आतच राहिला. "टाकीला काही झालंच नव्हतं," ते म्हणाले. "नळी होती."

"केवढी?"

काकांनी वीत दाखवली. काकूंनी त्या वितीकडे पाहिलं.

"लागला किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

काकू आत गेल्या. काकांनी टाकी परत चढवली, नळी बसवली, क्लिपा आवळल्या. भांड्यांचा आवाज येत नव्हता, हे त्यांनी टिपलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा काकू पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

"ताईला नळीचं सांगायचं नाही."

गाडीखालून काका म्हणाले, "का?"

"ती विचारणार, इतकी वर्षं का आला नाहीत. नळी म्हटलं तर हसेल मला. म्हणेल, हा माणूस तूच पसंत केला होतास."

"मग काय सांगायचं?"

"टाकी फुटली होती म्हणायचं. तुम्ही गाडी चालवा, बोलायचं मी बघते."

काका हळूच बाहेर आले. "सांध्यास तडे आढळले, असं म्हणता येईल."

"चालेल," काकू म्हणाल्या, आणि बसचं तिकीट परत करायला चपला शोधू लागल्या.