दर झाडाखाली

“ओटीपोटात किती दुखतं? शून्य ते दहात सांगा,” पेडण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“दोन,” इब्रामपूरला काजू वेचणारी गंगा म्हणाली.

लेक सेजल हबकली. आता गोळी देऊन घरी पाठवणार! “आई, दोन कसले गो?”

“मगे? धा म्हणजे मराण. मी पायांनी चलत इलंय मगो!”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं, काजू वेचताना काय होतं?”

“सात वर्सांआदी अख्खी बाग एका दमात वेचलंय. मगे दर धा झाडांनी बसूक लागलंय. औंदा दर झाडाखाली बसतंय.”

सेजल आईकडे बघतच राहिली. सात वर्षं तिनं झाडांच्या हिशोबात कळ मोजली होती, पण एकही झाड सोडलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी दोनाचा आकडा खोडला, गंगाचं बोलणं शब्दन्‌शब्द उतरवलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली.