फोटोत उरलेला खांदा

मित्रांनो, आज आमच्या नाशिकच्या गोल्फ मैदानावर जुन्या व्यावसायिक स्पर्धेच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. मी तिथे माळी आहे.

त्या स्पर्धेच्या पहिल्या विजेत्याची गोल्फच्या काठ्यांची बॅग वाहिली ती माझे मित्र दत्तूभाऊ यांनी. आज ते सायखेड्याहून वहिनींना मुद्दाम घेऊन आले. पण विजेत्याच्या फोटोत कडेला नुसता बॅगेचा पट्टा आणि एक खांदा. बाकीचे दत्तूभाऊ कापलेले.

"अवो, तुम्ही कुठं हाय?"

"हा खांदा माझा हाय."

"खांदा काय, कुणाचाबी आसंल!" वहिनी हसल्या.

"वहिनी, त्यांचाच आहे. तेव्हा त्यांना बॅग वाहताना मी पाहिलंय," मी म्हणालो.

"भाऊजी, तुम्ही तर त्यांचेच दोस्त."

आयोजकांना विचारलं, तर मूळ फोटो आता कुठेच नाही.

दत्तूभाऊ न जेवताच परतले. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण काय मागावं ते सुचेना. तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?