कोणी कुठलं पान पाहिलं

त्या वर्षी मला एका जागी बसवतच नव्हतं. कर्वेनगरहून हडपसरला कंपनीची बस रडतखडत जायची आणि मी खिडकीशी बसून एकच गोष्ट मनात उलटीपालटी करत असायचे. वेबसाइटवर कोण आलं, कुठलं पान पाहिलं, कुठून निघून गेलं, याची नोंद ठेवणारं आणि त्यातून काहीतरी अर्थ काढणारं सॉफ्टवेअर. नोकरीत मी परदेशातल्या कुणाच्या तरी जुन्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचे. हे मात्र आमचं होतं, माझं आणि शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं. बाजारात अशी सॉफ्टवेअरं होती, पण आत काय चाललंय ते दिसायचं नाही. आमचं उघडं असणार होतं. कोणीही घ्यावं, वाचावं, हवं तसं बदलावं.

खरी अडचण होती विजेची आणि इंटरनेटची. दोन्हींचा भरवसा नव्हता. म्हणून आम्ही काम वाटून टाकलं. प्रत्येक साइटच्या मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम नोंदी गोळा करणार, लाइन गेली तर त्या स्वतःजवळ साठवणार आणि आली की पुढे पाठवणार. त्यांचा हिशेब मांडणारं मशीन दुसरीकडे. चाचणीसाठी एक मशीन आमच्या फ्लॅटवर ठेवलं आणि एक लोणी काळभोरला मित्राच्या घरी, जिथे वीज असण्यापेक्षा नसायचीच जास्त.

"आमच्याकडं टिकलं की जगात कुठंबी टिकंल," तो म्हणायचा. टिकलंही.

मी ताईबरोबर राहायचे. ती जवळच्याच कॉलेजात शिकवायची. बाबा अमरावतीला होते आणि तिच्या लग्नाची घाई त्यांना तिथे बसून झाली होती. त्यांनीच पुण्यातल्या एका वधू-वर मंडळात तिचं नाव घातलं होतं. मंडळाने नुकतीच वेबसाइट काढली होती. आम्हाला खरी, वापरातली साइट हवी होती, म्हणून मी मंडळाच्या बाईंना विचारायला गेले.

"फुकट देताय?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग बिघडल्यावर भांडायचं कोणाशी?"

"माझ्याशी," मी म्हटलं.

"बरं. पत्ता लिहून ठेवा."

महिन्याभरात बाई आमच्या सॉफ्टवेअरवर खूश झाल्या. कुठली स्थळं जास्त पाहिली जातात, लोक कुठे कंटाळून निघून जातात, सगळं त्यांना पडद्यावर दिसायला लागलं. सभासद आपला क्रमांक घालूनच आत यायचे आणि तो क्रमांकही नोंदीत जायचा. परत येणारा माणूस ओळखू यावा म्हणून आम्हीच तशी सोय केली होती.

मग एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. ताईने उचलला. मी पोहे ढवळत होते. गॅस बंद करून बाहेर आले. बाबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तुला तेच स्थळ पाहिजे होतं तर सांगितलं काहून नाही? त्या बाईचा फोन आला होता. म्हणे, पोरगी रोज त्याचंच पान उघडून बसते. पत्रिका जुळत नाही म्हणून मी नाही म्हटलं होतं, पण येऊ दे त्याला. भेटू."

ताईने "नको" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला.

बाबा वाकायला तयार झाले होते, आणि ती नको म्हणत होती. मी विचारलं तेव्हा ती गॅलरीत वाळत घातलेले कपडे ओढून काढत होती, अर्धे अजून ओले होते.

"तो मला आवडलाय की नाही, हे मलाच ठरवायचं होतं," ती म्हणाली. "म्हणून बघत होते. मी बघतेय आणि वरून कोणीतरी मला बघतंय, हे नव्हतं माहीत. आता तो आला तरी त्या बाईंनीच आणलेला असणार."

मी दुसऱ्याच दिवशी मंडळात गेले. बाईंना काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. "अहो, जुळवणं हाच माझा धंदा आहे. मुलगी लाजते, वडील अडतात. मग मी काय नुसते आलेख बघत बसू?"

हडपसरला कँटीनमध्ये मी मित्राला म्हटलं, सभासद क्रमांक गोळा करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच पुसून टाकू, पुढे जाऊच द्यायचा नाही.

"मग धा जण आले का एकच धा वेळा आला, कळायचं कसं?"

"रोज प्रत्येकाला नवी खूण द्यायची. दिवस संपला की फेकून द्यायची."

"अन् उद्या कोणी प्रोग्रॅममधली ती क्रमांक घेणारी ओळ परत घातली तर? उघडं हाय ना आपलं?"

उघडं होतं, हे खरंच. तरी मी चहा तसाच टाकून उठले. पुढचे कित्येक दिवस मी बसमध्ये कागदावर, घरी मशीनवर तेवढंच करत होते. जेवताना ताई काही सांगायची आणि मी हं हं करायचे. बदल पुरा झाला आणि आम्ही तो सगळ्यांसाठी ठेवला. कुठल्या कुठल्या देशांतून अनोळखी लोकांची पत्रं आली. काहींना नेमकं हेच हवं होतं.

बाईंनी मात्र एका प्रोग्रॅमरला बोलावून ती ओळ परत घालून घेतली. त्यांना तसा पूर्ण हक्क होता. तो आम्हीच दिला होता.

ताईने मंडळातून नाव काढलं. पुढे तिने कॉलेजातल्याच एका सहकाऱ्याशी लग्न केलं. बाबांनी पत्रिकेचं नाव काढलं नाही, पण लग्नात ते तिच्याशी फारसं बोललेही नाहीत. मित्र आणि मी त्या सॉफ्टवेअरवरून आणखी काही वर्षं भांडत राहिलो. बाईंचं मंडळ त्यावर, त्या ओळीसकट, छान चाललं. एखादं लग्न जमलं की त्यांचा फोन यायचा, पेढे घेऊन जा म्हणून. मी कधी गेले नाही. मित्र जायचा.