कुलसूमबीची कल्हई

कुलसूमबी गेल्याचं मला सव्वा महिन्यानं कळलं. तिची मुलगी रजिया परतूरच्या बाजारात भेटली आणि म्हणाली, "मावशी, अम्मीचा चाळिसावाबी झाला." एका गावात राहून मला पत्ता नव्हता... तिच्या घरी माझं जाणं-येणंच नव्हतं. ते का नव्हतं, तेच पेपरासाठी लिहायला बसले आहे. मी चौथी शिकलेली बाई, लांबण लावत नाही.

निजामाचं राज्य होतं. माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं. कुलसूमबीच्या नवऱ्याला दमा जडला, तेव्हा कल्हईचं काम तिनं स्वतः हाती घेतलं. बाई भाता मारते म्हणून लोक हसायचे. नणंदेच्या साखरपुड्याची भांडी सासूबाईंनी तिला दिली, तीही कुरकुरतच. हे काम नीट झालं असतं, तर अख्खी गल्ली तिच्याकडे भांडी देणार होती. तिनं आमच्या अंगणात भट्टी मांडली. तांब्याचं मोठं पातेलं चिंच-वाळूनं आतून घासायला सासूबाईंनी मला बसवलं. तांब्यावर काळा थर राहिला तर कथील धरत नाही, हे कुलसूमबीनं मला बजावलं होतं. पण माझ्या बोटांची सालं निघाली, आणि पातेल्याच्या गळ्याखालची बाजू मी तशीच सोडली.

"वहिनी, घासून राह्यल्या का गोंजारून राह्यल्या?" ती हसली.

"झालं घासून," मी म्हणाले.

तिनं पातेलं तापवलं, नवसागर टाकला, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं. सगळीकडं ते आरशासारखं पसरलं. गळ्याखाली मात्र अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे त्याचे थेंब घरंगळायला लागले.

"हितं घासलं न्हाई का?"

"घासलं की!"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग पुन्हा नवसागर मारला, कथील दाबून फिरवलं. कसंबसं चिकटलं.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याच्या पंगतीला त्यात केलेली कढी कळकली, हिरवट झाली. जेवलेल्यांना उलट्या झाल्या. सासूबाईंनी कुलसूमबीला बोलावून दारात उभं केलं. "बाईच्या हाती भट्टी दिली, माझंच चुकलं!" मी दाराआड होते. कुलसूमबी माझ्याकडंच बघत होती... मी तोंड उघडलं नाही. सासूबाईंची भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

गल्लीनं तिला पुन्हा एकही भांडं दिलं नाही. भाता डोक्यावर घेऊन ती खेड्यापाड्यांत फिरली, त्यावरच पोरं वाढवली. ती दिसली की मी घरात शिरायचे.

हे सगळं मी रजियाला बाजारातच सांगून टाकलं. तिला नवल वाटलं नाही.

"अम्मीला ठावं होतं. पर तुमचं नाव तिनं कधी घेतलं न्हाई. म्हणायची, कथील धरंना हे मला दिसलं होतं, तवाच भांडं परत द्यायचं होतं. चूक माझी."

मला वाटलं होतं, सांगितलं की बरं वाटेल. वाटलं नाही.

"मावशी, हे गल्लीत सांगाल का?" रजियानं विचारलं.

मी हो म्हणाले. घरी येऊन आठवून पाहिलं, तर त्या पंगतीला जेवलेलं गल्लीत आता कुणी उरलेलं नाही. त्यांची नातवंडं हा पेपर वाचतात. त्यांनी घरात एवढं सांगावं, की कुलसूमबीच्या हातात खोट नव्हती.